वाचक विचारतात : उन्हाळ्यातले भिगवण

प्रश्न : एप्रिलमध्ये पक्षी पाहायला भिगवणला सकाळी दहापर्यंत पोहोचलो तर चालेल? ८×४२ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगांची) दुर्बीण पुरेल का?

उत्तर : दुर्बीण उत्तम आहे, वेळ मात्र चुकते. ऊन चढले की हवा थरथरते आणि चांगल्या भिंगांतूनही पक्षी धूसर दिसतात. उजाडताना तुम्ही जवळच्या कुंभारगावच्या काठावर असायला हवे. सूर्य पाठीशी ठेवा. उजनी धरणाचे पाणी ओसरले की उथळ कडेला रोहित (फ्लेमिंगो) चोच उलटी धरून चरतात. होडी वाळूच्या बेटांना मात्र लावू नका, ही कळकळीची विनंती. नदी सुरय हा पाणपक्षी मार्च ते मेदरम्यान उघड्या वाळूवरच अंडी घालतो. ती वाळूच्याच रंगाची असल्याने पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. जोडी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, की नावाड्याला लगेच मागे वळायला सांगा. पक्षी उठून गेला, तर अंडी भर उन्हात भाजतात.