वाचकांचे प्रश्न : पोलंड ते चीन, धागा कुठे जुळतो आणि कुठे नाही

कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिलेल्या पोलिश निर्वासितांवरचा लेख मागच्या अंकात आला होता. त्यानंतर ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांचा रोख थेट पोलंड आणि प्राचीन चीन यांच्या नात्याकडे वळला. त्यातल्या निवडक पत्रांची ही उत्तरे.

प्रश्न : तकलामाकान वाळवंटात सोनेरी केसांच्या ममी सापडल्या. त्या पोलिश लोकांच्या पूर्वजांच्या आहेत, आणि म्हणूनच पोलंडला चिनी भाषेत ‘बोलान’ असे खास नाव आहे, असा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. यात तथ्य किती? (नेरूळ)

तथ्य नाही. ‘बोलान’ हे ‘पोलंड’च्या उच्चाराशी जुळवलेले नाव आहे. त्यातल्या दोन चिन्हांचे अर्थ ‘लाट’ आणि ‘ऑर्किडचे फूल’ असे होतात, पण ती निवडली आवाजासाठी. चिनी भाषेत बहुतेक परदेशी नावे अशीच लिहितात.

ममींबद्दल २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये जनुकीय अभ्यास आला. तारीम खोऱ्यातल्या (तकलामाकान वाळवंट याच खोऱ्यात आहे), इ. स. पू. २१०० ते १७०० या काळातल्या १३ देहांची तपासणी त्यात आहे. ही माणसे पश्चिमेकडून आलेली नव्हती. त्यांचा वंश आशियातल्याच फार जुन्या आणि दीर्घकाळ वेगळ्या राहिलेल्या लोकसमूहाचा निघाला. केसांच्या रंगावरून देश ठरवता येत नाही.

शिवाय सनावळ्या पाहा. स्लाव्ह लोकांचा स्पष्ट उल्लेख लेखी साधनांत सहाव्या शतकापासून येतो. पोलंडचा शासक मिएश्को पहिला याचा बाप्तिस्मा ९६६ चा, आणि पोलिश राज्याचा इतिहास तिथून मोजतात. तेव्हा चीनमध्ये हान घराणे संपून साडेसातशे वर्षे झाली होती, तांग घराणे ९०७ मध्ये कोसळले होते आणि सोंग घराणे नुकतेच (९६०) आले होते. ‘प्राचीन चीन’ आणि ‘पोलिश लोक’ एकाच काळात बसतच नाहीत. पोलिश माणसांनी पुढे प्राचीन चिनी विद्या शिकून घेतली आणि युरोपात नेली, ही गोष्ट मात्र खरी आहे.

प्रश्न : बाल्टिक अंबरची माळ घेतली. ‘हाच पोलंडचा अंबर चिनी राजकन्येच्या थडग्यात सापडला’ असे विक्रेत्याने सांगितले. हे खरे का? आणि माळ खरी आहे हे घरी कसे ओळखावे? (कोपरी, ठाणे)

थडग्याची गोष्ट बरीचशी खरी आहे. आतील मंगोलियात नाइमान भागात १९८६ मध्ये ल्याओ घराण्यातल्या चेन राजकन्येचे थडगे उघडले. ती १०१८ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी वारली होती. तिच्या अंगावर अंबरचे भरपूर दागिने होते, आणि ल्याओ काळातल्या अशा अंबरचे मूळ बाल्टिक असल्याचे रासायनिक तपासणीत दिसले. दोन दुरुस्त्या हव्यात. ल्याओ हे हान चिनी लोकांचे नव्हे, तर उत्तरेकडच्या खितान लोकांचे राज्य होते. आणि ‘बाल्टिक’ म्हणजे ‘पोलंडचा’ नव्हे : त्या काळी अंबरच्या किनाऱ्याचा मोठा भाग प्रुशियन टोळ्यांकडे होता. माल हातोहात पूर्वेकडे सरकत गेला. एकाच व्यापाऱ्याने तो ग्दान्स्कहून मंगोलियात नेला असे चित्र रंगवू नये.

आता माळ. अंबर म्हणजे झाडाचा अश्मीभूत डिंक, बाल्टिक अंबर साधारण साडेतीन ते साडेचार कोटी वर्षांचा. घासला की गवताची काडी ओढतो, म्हणून आपल्याकडे त्याला तृणमणी म्हणतात. पण प्लास्टिकही काडी ओढते, तेव्हा त्या परीक्षेवर विसंबू नका.

मिठाच्या पाण्याची परीक्षा जास्त कामाची. २०० मिली पाण्यात ४० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. चमच्याने अंदाज घेऊ नका, वजनकाट्यावर मोजा. मणी आधी साध्या पाण्यात सोडा : अंबर बुडतो. मग मिठाच्या पाण्यात सोडा : अंबर तरंगतो, कारण त्याची घनता १.०५ ते १.१० आणि या पाण्याची सुमारे १.१२. काच, बेकेलाइट आणि पॉलिएस्टर रेझिन तळाशी जातात. इथे चुका ठरलेल्या : अख्खी माळ टाकली की कडीचा धातू तिला खाली ओढतो, आणि भोकात हवेचा बुडबुडा अडकला की नकली मणीही वर येतो. म्हणून सुटा मणी घ्या आणि भोकातली हवा काढा. नंतर गोड्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने पुसा.

कोपल, म्हणजे कोवळा डिंक, आणि पॉलिस्टायरिन हे दोन्ही याही पाण्यात तरंगतात. त्यासाठी भोकाच्या कडेला, दिसणार नाही अशा जागी अॅसिटोनचा एक थेंब ठेवा आणि अर्ध्या मिनिटाने बोट लावा. कोपल चिकट होतो, पॉलिस्टायरिन विरघळू लागते, अंबर जवळजवळ तसाच राहतो. तापलेल्या सुईची परीक्षा करू नका, तिचा डाग कायम राहतो.

अंबरचा चुरा दाबून केलेले मणी मात्र या सगळ्यांतून पास होतात. भारी किमतीची माळ असेल तर रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत इन्फ्रारेड तपासणी मागा. बाल्टिक अंबरच्या आलेखात ११७५ ते १२५० (प्रति सेंमी) या पट्ट्यात जवळजवळ सपाट ‘खांदा’ दिसतो आणि त्याला लागून ११५० च्या आसपास टोकदार शिखर येते. त्यावरून ‘बाल्टिक की दुसरीकडचा’ हे कळते, आणि चुरा दाबलेला आहे का हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगा.

प्रश्न : चिनी वनस्पतींवर युरोपात पहिले सचित्र पुस्तक एका पोलिश माणसाने लिहिले असे वाचले. तो गोव्यालाही आला होता का? (वाशी)

आला होता, आणि या सगळ्या विषयात त्याच्याइतका महत्त्वाचा माणूस दुसरा नाही. मिखाउ बोइम, जन्म १६१२, ल्वूव शहरातला, जेझुइट या कॅथलिक संघाचा पाद्री. ईशान्येकडून आलेल्या मांचूंनी बेजिंग घेतल्यावर मिंग घराण्याचा शेवटचा दावेदार योंगली दक्षिणेत तग धरून होता. त्याच्या दरबारातल्या राजमातेने बाप्तिस्मा घेऊन हेलेना हे नाव घेतले होते. नोव्हेंबर १६५० मध्ये तिने पोपला मदतीचे पत्र लिहिले आणि ते बोइमच्या हाती दिले.

१६५१ च्या मे महिन्यात तो गोव्यात पोचला आणि तिथेच अडकला. पोर्तुगीजांना मांचूंशी वैर नको होते, त्यामुळे त्यांनी त्याची वाट रोखली. तो वर्षअखेर खुष्कीने निघाला : मोगल मुलूख, इराण, इस्फहान, इझमीर, आणि डिसेंबर १६५२ मध्ये व्हेनिस. पुढे रोममध्ये शंका-कुशंकांत तीन वर्षे गेली. पोप सातव्या अलेक्झांडरचे उत्तर हातात पडले ते डिसेंबर १६५५ मध्ये. ते घेऊन तो परत निघाला, पण चीनच्या किनाऱ्यावरच्या मकाव बंदरातल्या पोर्तुगीजांनी येऊ दिले नाही. प्रतापगडाखाली अफझलखान पडला त्याच वर्षी, १६५९ मध्ये, चीनच्या सीमेवर तो वारला. उत्तर योंगलीपर्यंत पोचलेच नाही.

त्याचे ‘फ्लोरा सिनेन्सिस’ १६५६ मध्ये व्हिएन्नात छापले गेले. ते उघडाल तर वाशीच्या फळबाजारात उभे असल्यासारखे वाटेल : आंबा, फणस, पपई, अननस, काजू, पेरू, लिची, शिवाय आले, मिरी आणि दालचिनी. पपई, अननस, काजू आणि पेरू ही मूळची अमेरिकेतली, पोर्तुगीजांच्या जहाजांतून पूर्वेला आलेली. म्हणजे नावात ‘चिनी’ असले तरी ही यादी गोवा ते मकाव या सागरी पट्ट्याची आहे.

पुस्तकाच्या प्रती ग्रंथालयांनी स्कॅन करून ठेवल्या आहेत. चित्रांवर चिनी अक्षरे आणि शेजारी लॅटिन लिपीत उच्चार आहेत. ते वाचताना इंग्रजी उच्चार लावलात की घोटाळा झालाच. तेव्हाच्या जेझुइटांची धाटणी पोर्तुगीज होती : ‘एक्स’ म्हणजे ‘श’, जसा रोमी कोकणीत आजही असतो.

बोइमने चिनी नाडीपरीक्षाही लॅटिनमध्ये नेली. १६८२ मध्ये त्यातला बराच मजकूर दुसऱ्याच्या नावाने छापला गेला, आणि १६८६ च्या आवृत्तीत त्याचे नाव आले. मनगटावर तीन बोटे ठेवायची, दोन्ही हातांवर, आणि प्रत्येक जागी वेगळा अवयव : डाव्या हाताच्या पहिल्या जागी हृदय, उजव्याच्या पहिल्या जागी फुप्फुस. आपले वैद्यही तीन बोटे ठेवतात, पण ती वात, पित्त आणि कफासाठी. पद्धत सारखी दिसते, हिशेब वेगळा आहे.

प्रश्न : १२४१ च्या लेगनित्साच्या लढाईत मंगोलांनी पोलिश सैन्यावर चिनी दारूगोळा वापरला होता का? (नौपाडा, ठाणे)

असे ठामपणे लिहिणाऱ्यांचा सारा भर यान दुउगोश या इतिहासकारावर आहे. निशाणावरच्या दाढीवाल्या डोक्यातून दुर्गंधी धूर निघाला आणि पोलिश सैनिक बेजार झाले, असे त्याने लिहिले. पण दुउगोश पंधराव्या शतकातला, लढाईनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी लिहिणारा. शिवाय धूर म्हणजे स्फोट नव्हे. मंगोल सैन्यात चिनी कारागीर होते हे खरे, पण लेगनित्सात बारूद होती असे यावरून म्हणता येत नाही.

पोलिश माणसाला चीनची माहिती मिळाल्याचा भक्कम पुरावा मात्र चार-पाच वर्षांनंतरचा आहे. १२४५ मध्ये पोपचा दूत कार्पिनी याच्याबरोबर व्रोत्सवाफहून बेनेदिक्त हा पोलिश फ्रान्सिस्कन (त्या ख्रिस्ती संघातला भिक्षू) दुभाष्या म्हणून मंगोल दरबाराकडे निघाला. घोड्यांच्या रपेटीने शरीर खिळखिळे होऊ नये म्हणून पायांना पट्ट्या घट्ट बांधल्या. उपवासाच्या काळात खायला मीठ-पाण्यात शिजवलेली भरड धान्ये, प्यायला वितळवलेला बर्फ. २४ ऑगस्ट १२४६ ला गुयुक खानाचा राज्याभिषेक त्यांनी पाहिला. खानाचे फारसी भाषेतले उत्तर १९२० मध्ये व्हॅटिकनच्या दप्तरात सापडले. ‘किताई’ म्हणजे उत्तर चीनच्या लोकांचे वर्णन याच प्रवासातून युरोपात आले : दाढी नसलेले, आणि कारागिरीत जगात तोड नसलेले.

तुम्ही ठाण्याचे, म्हणून हेही सांगायला हवे. याच फ्रान्सिस्कन संघातले चार जण १३२१ मध्ये ठाण्यात मारले गेले. पुढे ओदोरिको नावाच्या त्यांच्या बंधूने त्यांच्या अस्थी ठाण्याहून जहाजाने चीनमधल्या झैतून, म्हणजे आजच्या छुआनचौ बंदरात नेल्या. ठाणे आणि चीन यांना जोडणारी ही घटना आपल्या शाळांत सांगितली जायला हवी.

प्रश्न : चीनमध्ये लॉग टेबल पोलिश माणसाने नेले का? (ऐरोली, अभियांत्रिकीची विद्यार्थिनी)

होय. यान मिकोवाय स्मोगुलेत्स्की, हाही जेझुइट. नेपियरचे लॉगरिदम १६१४ चे. ते नानजिंगमध्ये स्मोगुलेत्स्कीने १६५० च्या दशकात श्वे फंगच्वो या विद्वानाला शिकवले आणि चिनीत कोष्टके तयार झाली. उपयोग ग्रहगणितात, म्हणजे पंचांगासाठी : २ चा लॉग ०.३०१०, ३ चा ०.४७७१, बेरीज ०.७७८१, म्हणजे जवळजवळ ६ चा लॉग (०.७७८२). लांबलचक गुणाकार बेरजेवर येतो आणि चूक होण्याच्या जागा कमी होतात.

प्रश्न : पोलिश भाषेत चहाला ‘चहा’सारखा शब्द का नाही? (घोडबंदर रस्ता)

पोलिश शब्द ‘हेरबाता’, लॅटिन ‘हेर्बा थेआ’वरून : ‘हेर्बा’ म्हणजे औषधी वनस्पती, ‘थेआ’ हा फूच्येन किनाऱ्यावरचा ‘ते’. आपला चहा ‘चा’ या दुसऱ्या चिनी उच्चारातून आला. तरी पोलिश घरातली किटली ‘चायनिक’च, ती रशियनमधून आली.

प्रश्न : पिएरोगी म्हणजे चिनी डंपलिंगच ना? घरी कशा कराव्यात? (सीवूड्स)

तुर्फानजवळच्या अस्ताना थडग्यांत तांग काळातले वाळलेले डंपलिंग मिळाले आहेत, तर पिएरोगीची कृती क्राकुफला १६८२ मध्ये छापलेल्या स्तानिस्वाफ चेर्न्येत्स्कीच्या पाकपुस्तकात आहे. या दोहोंना सांधणारा दुवा हाती नाही. मार्को पोलोने आणल्याची कथा सोडून द्या. पारीत सारण भरून कड मिटणे कोणत्याही स्वयंपाकघरात सुचू शकते, करंजी पाहा.

साधारण ३५ नगांसाठी : ३०० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा मीठ, एक मोठा चमचा तेल, १५० मिली कढत पाणी. मळून अर्धा तास झाकून ठेवा. कढत पाण्यामुळे कणीक मऊ राहते आणि लाटताना मागे ओढत नाही. सारण : ४०० ग्रॅम उकडलेला बटाटा, १५० ग्रॅम पनीर, ५० ग्रॅम चक्का, दोन कांदे तपकिरी परतून, मीठ आणि भरपूर मिरपूड. पोलिश ‘त्वारुग’ आंबट असतो. नुसत्या पनीरने सारण गुळमुळीत लागते, म्हणून चक्का, पण जास्त घातलात तर सारण पातळ होते. बटाटा कुकरमध्ये पाण्यात बुडवून उकडू नका, वाफवा आणि गरम असतानाच कुस्करून वाफ जाऊ द्या.

२ मिमी जाड लाटून वाटीने ७-८ सेंमीच्या चकत्या पाडा. एक छोटा चमचा सारण भरा, आतली हवा दाबून काढा आणि कड मिटा. कडेला कोरडा मैदा लागला असेल तर ती पाण्यात हमखास उघडते. रुंद पातेल्यात एका वेळी १०-१२ सोडा. खळखळ उकळी नको, हलकी हवी. वर आल्यावर दोन मिनिटांनी झाऱ्याने काढा आणि लोणी चोळून ताटात एकेरी मांडा. एकमेकींवर रचल्या तर चिकटून फाटतात. उरलेल्या दुसऱ्या दिवशी तव्यावर लोण्यात परताव्यात.