पर्सनल लोनवर नक्की किती व्याज लागलं, हे स्वतः कसं तपासायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला ऐरोली, 3 लाखांचं पर्सनल लोन, दर 14 टक्के, मुदत 36 महिने, हप्ता 10,253. बारा हप्ते, म्हणजे 1,23,036 रुपये भरून झाले, तरी बाकी 2,13,556 दाखवतात. तिसरा हिस्सा मुदत संपली, मग लाखभर तरी फिटायला नको का? बँकेने जादा व्याज लावलंय का, आणि आता लोन बंद करावं का?

जादा लावलेलं नाही, आकडा बरोबर आहे. हप्ता दर महिन्याला सारखा असला तरी त्यातली मुद्दल आणि व्याजाची वाटणी दर महिन्याला बदलते, गोंधळ होतो तो इथेच. व्याज त्या महिन्याच्या बाकीवर लागतं. वार्षिक 14 टक्के म्हणजे महिन्याला 1.1667 टक्के. पहिल्या महिन्यात 3,00,000 वर व्याज 3,500, म्हणून मुद्दलात गेले फक्त 6,753 आणि बाकी राहिली 2,93,247. दुसऱ्या महिन्यात या नव्या बाकीवर व्याज 3,421, मुद्दल 6,832, बाकी 2,86,415. एक्सेलमध्ये चार रकाने करा: सुरुवातीची बाकी, व्याज (बाकी गुणिले 14 भागिले 1200), मुद्दल (हप्ता वजा व्याज), शेवटची बाकी. मग ओळ खाली ओढत न्या. बाराव्या ओळीला 2,13,556 येतात. म्हणजे वर्षभरात मुद्दल फिटली 86,444 आणि व्याज गेलं 36,592.

तीन वर्षांचं एकूण व्याज साधारण 69,100 होतं. त्यातलं निम्म्याहून जास्त पहिल्याच वर्षात जातं, दुसऱ्या वर्षी सुमारे 23,700 आणि तिसऱ्या वर्षी जेमतेम 8,850. बंद करायचं की नाही, हे ठरवताना हे तीन आकडे समोर ठेवा.

तक्ता आणि बँकेचं स्टेटमेंट जुळलं नाही, तर आधी पहिली ओळ बघा. लोनचे पैसे 18 जूनला खात्यात आले आणि पहिला हप्ता 5 ऑगस्टला असेल, तर 18 जून ते 5 जुलै या 17 दिवसांचं व्याज वेगळं घेतलं जातं (5 जुलैपासूनच्या महिन्याचं व्याज पहिल्या हप्त्यात येतंच): 3,00,000 गुणिले 14 टक्के गुणिले 17 भागिले 365, म्हणजे 1,956 रुपये. काही ठिकाणी ते मंजूर रकमेतूनच कापतात, काही ठिकाणी पहिल्या हप्त्यात मिळवतात. यात गैर काही नाही. मात्र व्याज पैसे खात्यात आल्याच्या तारखेपासूनच लागलं पाहिजे, मंजुरीच्या तारखेपासून नाही. काही जण मंजुरीपासून किंवा अख्ख्या महिन्याचं व्याज लावत होते, त्यावर रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2024 मध्ये स्पष्ट शब्दांत आक्षेप घेतला आहे. जादा घेतलं असेल तर परत मागा.

दुसरी अडचण ‘फ्लॅट’ दराची. ठाणे किंवा वाशी स्टेशनबाहेर हातात पडणाऱ्या कागदांवर ‘फक्त 7.5 टक्के’ दिसलं की तो बहुधा फ्लॅट दर समजा. त्यात तीनही वर्षं पूर्ण 3 लाखांवर व्याज धरतात: 67,500 व्याज, हप्ता 10,208. हा हप्ता घटत्या बाकीच्या हिशोबात बसवला तर दर निघतो सुमारे 13.7 टक्के, म्हणजे तुमच्या 14 टक्क्यांचाच सख्खा भाऊ. पतपेढीचा हिशोब आणखी वेगळा. तिथे बऱ्याचदा मुद्दलाचा हप्ता ठरलेला असतो (इथे 8,333) आणि उरलेल्या बाकीवरचं व्याज वेगळं. सुरुवातीचे हप्ते जड जातात, पण त्याच 14 टक्क्यांना एकूण व्याज 64,750 च होतं.

प्रोसेसिंग फी विसरू नका. 2 टक्के फी म्हणजे 6,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 1,080. हातात आले 2,92,920 आणि हप्ता मात्र 3 लाखांचा, म्हणून खरा वार्षिक खर्च जातो 15.7 टक्क्यांच्या आसपास. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या लोनसोबत बँकेला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावं लागतं. त्यात हा आकडा एपीआर म्हणून छापलेला असतो आणि परतफेडीचा पूर्ण तक्ताही असतो. तुमच्याकडे नसेल तर मागून घ्या, अर्धं काम तिथेच होतं.

आता बंद करण्याचा हिशोब. समजा 5 तारखेला बारावा हप्ता गेला आणि तुम्ही 23 तारखेला पैसे भरले. बाकी 2,13,556. अठरा दिवसांचं व्याज 1,474. फोरक्लोजर चार्ज, म्हणजे मुदतीआधी लोन बंद करण्याचा आकार, बाकीच्या 4 टक्के धरला (तुमच्या करारात जो असेल तो घ्या) तर 8,542, त्यावर जीएसटी 1,538. एकूण भरायचे 2,25,110. लोन चालू ठेवलं असतं तर पुढच्या 24 हप्त्यांत व्याज गेलं असतं सुमारे 32,500. म्हणजे निव्वळ बचत 21 हजारांच्या घरात. पैसे बचत खात्यात पडून असतील तर जरूर बंद करा. त्यासाठी एफडी मोडावी लागणार असेल तर तिचं बुडणारं व्याज आणि मोडण्याचा दंड या 21 हजारांतून वजा करून बघा. हेच काम चोविसाव्या हप्त्यानंतर केलं तर चार्ज जाऊन हातात साडेतीन हजारही धड उरत नाहीत, तेव्हा त्या धावपळीत पडू नका. आणि लोन फ्लोटिंग, म्हणजे मुदतीत बदलत राहणाऱ्या दराचं असेल (पर्सनल लोनमध्ये हे कमीच) तर वैयक्तिक कर्जदाराकडून हा चार्ज घेता येत नाही.

बंद करायला जाण्याआधी फोरक्लोजर लेटर मागवा आणि त्यात ‘अमुक तारखेपर्यंत वैध’ असं लिहिलेलं बघून त्याच तारखेच्या आत भरा. एक दिवस पुढे गेलं की या बाकीवर रोजचे 82 रुपये वाढतात आणि तेवढ्या फरकासाठी खातं उघडंच राहतं. महिन्याच्या 1 ते 5 तारखेदरम्यान भरू नका, कारण त्या दिवसांत हप्त्याचा ऑटो-डेबिट आधीच रांगेत असतो आणि पैसे दोनदा जातात. परत मिळतात, पण शाखेत खेपा घालाव्या लागतात. भरल्यावर एनओसी (काही बाकी नसल्याचा दाखला) घ्या, खात्यावरचा मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायची परवानगी, रद्द करून घ्या आणि दीड-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्टमध्ये ‘क्लोज्ड’ आलंय का ते बघा. तिथे ‘सेटल्ड’ (म्हणजे पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवलं) असं लिहिलं असेल तर बँकेकडे लगेच लेखी तक्रार करा. 30 दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला पैसे पडत नाहीत.