इंदूरहून श्रीनगरला माल नेणाऱ्या ट्रकला हिवाळ्यात टायरची चेन लागते का?

हो, बर्फात चाक घसरू नये म्हणून टायरवर बांधायची ही साखळी सोबत असू द्याच. जम्मू-श्रीनगर रस्त्यावर वाहतूक पोलीस रोजची सूचना काढतात. अवजड गाड्या बहुधा एका वेळी एकाच बाजूने सोडतात. रामबन-बनिहाल पट्ट्यात दरड कोसळली की तेही बंद. म्हणून इंदूरच्या देवास नाक्यावरून निघताना पाहिलेली सूचना उधमपूरच्या आधी पुन्हा बघा. पुढे सोनमर्गहून झोजीला खिंडीमार्गे कारगिलला जायचं असेल, तर बर्फात बिनचेनची गाडी सोडत नाहीत.

चेन मागच्या, इंजिनाची ताकद मिळणाऱ्या चाकांना बांधायची. थोडं चालवून थांबा. ती ढिली झालेली असते, पुन्हा ताणा. कोरडं डांबर लागलं की काढा, नाहीतर कडी तुटते. ड्रायव्हरदादांकडून इथेच एकदा बांधून घ्या, गारठलेल्या बोटांनी त्यांना तिथे पहिल्यांदा शिकायला लावू नका.