28 डिसेंबरचा शिक्का आणि 2,700 डॉलरचं क्रेडिट

डॅलसहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. पुण्यात बीई, टेक्सासमध्ये एमएस, आता स्टेम ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, नोकरी. 2022 आणि 2023 ची टॅक्स रिटर्न्स त्यांनी रूममेट वापरायचा त्या सॉफ्टवेअरवर फॉर्म 1040 ने, म्हणजे रेसिडेंटच्या फॉर्मवर, भरली. विद्यापीठाकडून 1098-टी आला होता, त्याच्या जोरावर अमेरिकन ऑपर्च्युनिटी क्रेडिट, म्हणजे शिक्षणखर्चावरची करसवलत, घेतलं. पहिल्या वर्षी 1,000 डॉलर, दुसऱ्या वर्षी 1,700. यंदा 2025 चं रिटर्न भरायला बसले तेव्हा ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने विचारलं, "तू एनआर भरत नाहीस?" एनआर म्हणजे 1040-एनआर, करासाठी अनिवासी (नॉनरेसिडेंट) असलेल्यांचा फॉर्म. तेव्हापासून झोप उडाली आहे, कारण कंपनी आता एच-1बी या नोकरीच्या व्हिसाचा अर्ज करते आहे. ते विचारतात, "फॉर्म विद्यापीठानेच पाठवला, मग चूक माझी कशी? आणि आता गप्प बसलं तर चालेल का?"

दरवर्षी जानेवारी ते एप्रिल मला अशी पत्रं येतात. शहर बदलतं, विद्यापीठ बदलतं, प्रश्न तोच असतो.

आधी त्या फॉर्मबद्दल. 1098-टी ही फी भरल्याची पावती आहे, क्रेडिट मंजूर झाल्याचं पत्र नव्हे. नॉनरेसिडेंट विद्यार्थ्याने मागितल्याशिवाय हा फॉर्म देणं विद्यापीठावर बंधनकारकही नाही. बरीच विद्यापीठं सरसकट सगळ्यांना पाठवतात आणि घोळ तिथून सुरू होतो. तुमचा 1098-टी काढा आणि चौकट 9 बघा. तिथे खूण आहे, म्हणजे हा विद्यार्थी पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा आहे. अमेरिकन ऑपर्च्युनिटी क्रेडिट उच्च शिक्षणाच्या पहिल्या चार वर्षांपुरतं असतं. सॉफ्टवेअरने तुम्हाला विचारलं असणार, कॉलेजची पहिली चार वर्षं पूर्ण झाली आहेत का? तुम्ही "नाही" दाबलंत, कारण अमेरिकेतलं ते तुमचं पहिलंच वर्ष होतं. पुण्यातली चार वर्षं कुठे गेली? इतक्या महत्त्वाच्या कागदावर सही करताना प्रश्न दोनदा वाचायला हवा होता, हे मला स्पष्ट सांगावंच लागेल.

पण ती चूक नसती तरी क्रेडिट मिळालंच नसतं. सगळं ठरतं ते एका कलमावर. एफ-1 व्हिसावरचा विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षं सबस्टॅन्शियल प्रेझेन्स टेस्टमधून, म्हणजे राहिलेल्या दिवसांवरून रेसिडेंट ठरवणाऱ्या चाचणीतून, वगळला जातो. म्हणजे इथे वर्षाचे 365 दिवस राहिला तरी करासाठी तो नॉनरेसिडेंटच, आणि नॉनरेसिडेंटला अमेरिकन ऑपर्च्युनिटी किंवा लाइफटाइम लर्निंग, दोन्हींपैकी एकही शैक्षणिक क्रेडिट मिळत नाही. अपवाद मुख्यतः लग्न झालेल्यांचा: जोडीदार नागरिक किंवा करासाठी रेसिडेंट असेल आणि दोघांनी एकत्र रिटर्न भरून तसा पर्याय निवडला असेल तर. तुम्ही अविवाहित आहात.

आता मोजणी. तुम्ही लिहिता, "मी 2022 पासून इथे आहे." पण सोबत पाठवलेल्या पासपोर्टच्या फोटोत विमानतळावरचा शिक्का 28 डिसेंबर 2021 चा आहे. त्या वर्षी तुम्ही इथे जेमतेम चार दिवस होता. कायद्याला तेवढे पुरतात, कारण वर्षाचा कुठलाही भाग म्हणजे ते अख्खं कॅलेंडर वर्ष. तेव्हा तुमची पाच वर्षं अशी: 2021, 22, 23, 24 आणि 25. वर्गात शेजारी बसणारा मित्र 5 जानेवारी 2022 ला उतरला असेल, तर तो 2026 मध्येही नॉनरेसिडेंट आणि तुम्ही नाही. म्हणून मित्राचं रिटर्न बघून आपलं भरू नका. त्याच्या शिक्क्याची तारीख वेगळी असते. याआधी कधी विद्यार्थी म्हणून एफ किंवा जे व्हिसावर येऊन गेला असाल, तर ती वर्षंही या पाचांत धरली जातात.

म्हणून 2022 आणि 2023 साठी बरोबर फॉर्म होता 1040-एनआर. 2024 चं रिटर्न कशावर भरलं ते तुम्ही लिहिलेलंच नाही. तेही 1040 असेल तर तेही दुरुस्त करा. 2025 हे तुमचं पाचवं आणि शेवटचं वर्ष, त्याचं रिटर्न 15 एप्रिल 2026 पर्यंत 1040-एनआरवरच जायला हवं.

आता गप्प बसण्याबद्दल. कुणीतरी तुम्हाला सांगेल की 2022 चा जास्तीचा कर लावायची आयआरएसची (अमेरिकेच्या कर खात्याची) तीन वर्षांची मुदत एप्रिल 2026 मध्ये संपते, तेवढे दिवस ढकल. हा सल्ला ऐकू नका. फसवणूक ठरली तर मुदतच राहत नाही. आणि चूक कळल्यावर कॅलेंडरकडे बघत थांबलेला माणूस "मला माहीत नव्हतं" असं कोणत्या तोंडाने म्हणणार? आज तुमची बाजू मजबूत आहे, कारण आयआरएसचं पत्र अजून आलेलं नाही. त्यांनी संपर्क साधण्याआधी तुम्ही स्वतः रिटर्न दुरुस्त केलंत तर 20 टक्के दंड साधारणपणे लागत नाही. मूळ रक्कम आणि व्याज भरून सुटका होते. पत्र आल्यावर हे दार बंद होतं. वर बेफिकिरी ठरली तर दोन वर्षं आणि फसवणूक ठरली तर दहा वर्षं हे क्रेडिट मागता येत नाही. माझ्यासमोर बसलेल्या एका मुलाने ते पत्र तीन आठवडे न फोडता स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. उत्तराला तीसच दिवस होते. त्याची चूकही तुमच्याएवढीच होती, पण निस्तरायला कितीतरी जड गेली.

दुरुस्ती अवघड नाही. प्रत्येक वर्षाचा वेगळा 1040-एक्स, म्हणजे दुरुस्तीचा फॉर्म, भरा. त्याला नवीन 1040-एनआर जोडा, वर "अमेंडेड" लिहा, 8843 (वगळलेल्या दिवसांचा फॉर्म) लावा आणि कारणाच्या जागी सरळ दोन वाक्यं लिहा: मी एफ-1 नॉनरेसिडेंट होतो, चुकून 1040 भरला. रूममेट, सॉफ्टवेअर, विद्यापीठ यांची कहाणी तिथे नको. एक दिलासाही आहे. इतर देशांच्या बहुतेक विद्यार्थ्यांना 1040-एनआरवर स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही, पण भारत-अमेरिका कर कराराच्या कलम 21 मुळे भारतीय विद्यार्थ्यांना मिळतं, 2022 साठी 12,950 डॉलर आणि 2023 साठी 13,850. त्यामुळे तुमचं देणं मुख्यतः ते 2,700 डॉलर आणि व्याज एवढंच असावं. टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही. न्यू जर्सी, कॅलिफोर्नियातल्या वाचकांनी राज्याचं रिटर्नही तपासून घ्यावं.

एच-1बीवर याचा परिणाम होईल का? अर्ज बघितल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही. स्वतःहून केलेली दुरुस्ती फाइलमध्ये असणं हे ती नसण्यापेक्षा केव्हाही बरं. कंपनीच्या इमिग्रेशन वकिलापासून हे लपवू नका.

फीचे पैसे वडिलांनी घर तारण ठेवून उभे केले, असं तुम्ही लिहिलं आहे. हे वाचून वाईट वाटतं, कारण या खर्चावर हक्काची सवलत खरं तर भारतात शोधायला हवी होती. मान्यताप्राप्त बँकेचं शैक्षणिक कर्ज वडिलांच्या नावावर असेल आणि हप्ते तेच फेडत असतील, तर व्याजावर त्यांना 80ई ची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळू शकते. परदेशातलं शिक्षणही त्यात बसतं, मात्र जुन्या करप्रणालीतच. नुसतं घरावरचं तारणकर्ज असेल तर नाही. कर्जाचा करार काढून त्यांच्या सीएला आजच दाखवा.

आणि एक. नेहमीप्रमाणे वर्षभर इथेच राहणार असाल, तर 1 जानेवारी 2026 पासून तुम्ही करासाठी रेसिडेंट आहात. म्हणजे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर हे पगारावरचे दोन कर मिळून 7.65 टक्के पगारातून कापले जायला हवेत. पेरोलला शिक्क्याची तारीख माहीत नसते. पुढची पेस्लिप आली की त्या दोन ओळी बघा. तिथे शून्य असेल तर त्याच दिवशी लेखी कळवा, नाहीतर वर्षअखेरीला साठलेली रक्कम एकदम कापली जाईल.