मंडळीने पंच म्हणून निवडलंय. ख्रिस्ती पुढारीपणाची तत्त्वं कोणती? सुरुवात कुठून करू?

जय ख्रिस्त.

तुम्ही लिहिलंय की वयाच्या ३१ व्या वर्षी मंडळीने, म्हणजे तुमच्या चर्चने, तुम्हाला पंच कमिटीवर (मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीवर) घेतलं, घरचे म्हणतात "आता मान वाढला", आणि पहिल्या मीटिंगच्या आधी तुम्हाला ख्रिस्ती पुढारीपण म्हणजे नक्की काय ते समजून घ्यायचंय. मी पेशाने शिक्षिका. नगर जिल्ह्यातल्या एका छोट्या मंडळीत ९ वर्षं खजिनदार होते. माझ्या हातून झालेली एक चूक आधी सांगते, कारण मला जे काही कळलं ते तिथूनच.

त्या वर्षी पाऊस नव्हता. नाताळच्या आधी १० घरांना ज्वारी आणि ब्लँकेट द्यायचं कमिटीत ठरलं. यादी मीच केली. रविवारी उपासना संपता संपता पुढे उभी राहून नावं वाचायला लागले. एकेक जण उठून यायचा, पाळकसाहेब (मंडळीचे धर्मगुरू) ब्लँकेट हातात द्यायचे, कुणीतरी फोटो काढायचं. सहावं नाव एका आजींचं होतं. त्या दाराजवळ शेवटच्या सतरंजीवर बसलेल्या. ती सतरंजीही सकाळी त्यांनीच अंथरलेली. त्या उठल्या नाहीत. ऐकू आलं नसेल म्हणून मी नाव पुन्हा मोठ्याने वाचलं. त्यांनी पदर पुढे ओढला आणि खाली बघत राहिल्या.

संध्याकाळी मी ब्लँकेट घेऊन त्यांच्या घरी गेले. त्या म्हणाल्या, "बाई, इतकी वर्षं मी देवाचं घर झाडते. तिथं मला गरीब म्हणून आजवर कुणी हाक मारली नव्हती." एवढंच. मग चूल पेटवून त्यांनी मला गुळाचा कोरा चहा करून दिला. तो कप हातात धरून मी किती वेळ बसले होते, मला आठवत नाही.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायावर मी महिला मंडळात कितीदा बोलले होते. प्रभू येशू जेवणावरून उठतो, अंगावरचं वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. आपल्याकडे पाय कुणाचे धुतात? लग्नात नवरदेवाचे, घरी आलेल्या गुरूचे. धुणारा खालचा, धुवून घेणारा वरचा, हे आपल्या अंगात इतकं मुरलंय की त्याचा शिष्य पेत्र का गडबडला ते मराठी माणसाला सांगावं लागत नाही. "माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीत", असं तो म्हणतो ते त्यामुळेच. त्या ओळीत प्रभूला धरून देणारा यहूदाही बसलेला होता, त्याचेही पाय धुतले गेले. आणि हे सगळं बंद खोलीत झालं, गर्दीपुढे नाही. मी मात्र भर मंडळीत मदत वाटली, तीही स्वतः पुढे उभी राहून. पाणी माझ्या हातात होतं, पण वरची जागा मी सोडलीच नव्हती.

त्यानंतर मी बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा अध्याय ६ पुन्हा पुन्हा वाचला. तुम्हीही मीटिंगच्या आधी तो वाचा, कारण तो अक्षरशः कमिटीच्या कामाबद्दलच आहे. यरुशलेमेच्या मंडळीत रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष व्हायला लागलं आणि कुरकुर सुरू झाली. बारा प्रेषितांनी (प्रभूच्या मुख्य शिष्यांनी) कुरकुर करणाऱ्यांना गप्प केलं नाही. "आम्हीच जरा जास्त लक्ष देऊ" असंही म्हणाले नाहीत. मंडळीला म्हणाले, तुमच्यातलेच सात जण निवडा, आम्ही हे काम त्यांच्याकडे देतो. आता ती सात नावं बघा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही ग्रीक नावं! ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, वाटणी त्यांच्याच माणसांच्या हाती गेली. माझ्या मते मंडळीतल्या पुढारीपणाबद्दल नव्या करारात याहून नेमका धडा नाही. ज्याला झळ बसते, त्याच्या हातात किल्ली द्यायची.

हे नुसतं पुस्तकातलं नाही, आमच्याच जिल्ह्यात झालेलं आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघे ख्रिस्ती डॉक्टर १९७० साली जामखेडला आले. तालुका दुष्काळी, तान्ही मुलं जुलाबाने जायची. शिकलेल्या नर्सवर गावागावातलं काम भागेना. तेव्हा गावांनी आपल्यातल्याच बाया निवडून द्याव्यात असं ठरलं. त्यातल्या बऱ्याच दलित होत्या, बहुतेकींना लिहितावाचता येत नव्हतं. त्या जामखेडला यायच्या, शिकायच्या, सगळ्या जातींच्या बाया एकत्र जेवायच्या, राहायच्या, आणि परत जाऊन आपल्या गावात बाळंतपणं आणि पोरांची दुखणी सांभाळायच्या. डॉक्टरने आपली विद्या अशी उघडी करून दुसऱ्याच्या ओटीत टाकणं, हे मला पाय धुण्याच्या फार जवळचं वाटतं. हातपंप बसवायची वेळ आली तेव्हा ते दलित वस्तीत बसतील असं त्यांनी पाहिलं. मग पाण्याला सगळ्या गावाला तिथेच यावं लागलं. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो सामाजिक नेतृत्वासाठी होता.

त्या आरोग्य सेविकांपैकी मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनच्या एका परिषदेत बोलल्या. त्या झगमगत्या सभागृहात त्यांनी वरच्या झुंबराकडे बोट दाखवलं आणि डॉक्टर या झुंबरासारखे, सुंदर पण महाग आणि हाताला न लागणारे, अशा अर्थाचं काही म्हणाल्या. मग पिशवीतून दोन साध्या वातीचे दिवे काढले. एक पेटवला, त्याच्यावरून दुसरा लावला, आणि मी या दिव्यासारखी आहे असं सांगितलं. मला हा प्रसंग आठवला की अजूनही भरून येतं.

तर आमच्या मंडळीत पुढे काय झालं? मी कमिटीपुढे माझी चूक बोलले. काहींना ते आवडलं नाही, "त्यात काय एवढं" म्हणाले. दोन मीटिंगा वादातच गेल्या. शेवटी मदतपेटी तीन बायांकडे द्यायचं ठरलं आणि त्यातल्या एक त्याच आजी होत्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण कुणाच्या घरी चूल पेटली नाही, कुणाचा मुलगा कामावरून काढलाय, हे गावात त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं. माझ्या यादीतली दोन नावं त्यांनी काढली आणि मला स्वप्नातही सुचली नसती अशी तीन घातली. ज्वारी अंधार पडल्यावर साध्या पिशवीतून घरपोच जायला लागली. फोटो बंद झाले.

हिशेबाचा प्रश्न मात्र अवघड होता. नाव झाकायचं तर पैसा कुठे गेला हे मंडळीला कसं कळणार? प्रेषित पौलापुढेही असाच प्रश्न होता. यरुशलेमेसाठी जमवलेली देणगी त्याने एकट्याने नेली नाही, आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस पाठवला. देवापुढे तर नीट असावंच, पण माणसांपुढेही असावं, असं तो करिंथकरांना लिहितो (दुसरं पत्र, अध्याय ८). आम्ही फलकावर दर महिन्याला किती जमलं, किती घरांना गेलं, शिल्लक किती, एवढं लिहायचो. नावांची वही त्या तिघींकडे आणि एका पंचाकडे. अर्पण मोजताना दोघांपेक्षा कमी माणसं कधीच नाहीत, आणि एका घरातली दोन नाहीत. हा नियम मोडायला कुणी "आपल्यात विश्वास नाही का?" असं कारण देईल. तेव्हा बधू नका. प्रामाणिक माणसालाच या नियमाचा आधार होतो.

आणखी एक, त्याबद्दल मला मनापासून वाटतं. मंडळीत "सेवा" हा शब्द बायांच्या आणि तरुण पोरांच्या वाट्याला फार पटकन येतो. सणाचा स्वयंपाक, भांडी, सतरंज्या ही सेवा, आणि ठराव मांडणं, सही करणं हे पुढारीपण. अशी वाटणी तुमच्याकडे असेल तर ती मोडायला तुमच्यापासून सुरुवात करा. भांडी घासायला बसा, आणि भांडी घासणारीला मीटिंगमध्ये बोलवा. नुसतं पहिलं केलंत तर लोक तुमचं कौतुक करतील आणि काहीही बदलणार नाही.

घरच्यांच्या "मान वाढला" या बोलण्याचं वाईट वाटून घेऊ नका. याकोब आणि योहान हे शिष्यही प्रभूच्या उजव्या-डाव्या बाजूची जागा मागायला गेले होते, आणि बाकीचे दहा त्यांच्यावर चिडले, कारण हवी सगळ्यांनाच होती. प्रभूने त्यांना हाकलून नाही दिलं. जवळ बोलावून घेतलं आणि परराष्ट्रीयांचे अधिकारी जसा धनीपणा करतात तसं तुमच्यात नसावं, असं सांगितलं.

सुरुवात कुठून, असं विचारलंत. पहिल्या मीटिंगच्या आधी एका रविवारी तासभर लवकर जा. दार कोण उघडतं, झाडतं कोण, पाणी कोण भरतं ते बघा, त्यांच्याबरोबर हात लावा आणि या कमिटीकडून त्यांना काय हवंय ते विचारा. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि मीटिंगला तेच सगळ्यात आधी वाचा. फलकावरच्या हिशेबाचा नमुना हवा असेल तर खाली सांगा, आमचा जुना कागद माझ्याकडे अजून आहे.