‘आमची ऋणे आम्हांस सोड’

प्रश्न : नाशिकला शरणपूरच्या चर्चमध्ये मैत्रिणीबरोबर गेले होते. प्रभूच्या प्रार्थनेत ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’ असं सगळे म्हणाले. मागायची पापांची क्षमा, मग त्यात ऋण कुठून आलं?

ताई, ते मुळातलंच आहे. येशूने शिकवलेली ही प्रार्थना बायबलमध्ये मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, येते. मत्तयाच्या ग्रीकमध्ये (६:१२) ‘देणं’ याच अर्थाचा शब्द आहे. लूक (११:४) त्या जागी सरळ ‘पापे’ म्हणतो. येशूच्या अरामी बोलीत कर्ज आणि पाप दोन्हींसाठी एकच शब्द चालायचा.

आपण अडखळतो, कारण मराठीत ऋण फार सोज्वळ झालंय. पितृऋण, ‘मी आपला ऋणी आहे’... त्या ऋणात राहायला आपल्याला आवडतंसुद्धा. प्रार्थनेतलं ऋण मात्र रोकडं कर्ज आहे. निफाडकडच्या माझ्या मामांच्या सातबाऱ्यावर, ‘इतर हक्क’मध्ये, सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा होता. उतारा हातात आला की त्यांची नजर आधी त्या ओळीवर जायची. बोजा! किती नेमका शब्द. ‘कष्टी व भाराक्रांत’ लोकांना येशू विसावा देऊ करतो, तेव्हा मला मामांचा तो चेहरा आठवतो.

पण सगळ्यात मोलाचं आहे ते क्रियापद. पापाशी झगडताना आपण म्हणतो, ‘मी हे सोडीन.’ राग सोडीन, खोटं बोलणं सोडीन. आणि सुटत नाही. करावंसं वाटतं ते चांगलं हातून होत नाही, नको तेच होतं, हे प्रेषित पौलानेही रोमकरांस पत्रात (७:१९) कबूल केलंय. प्रार्थनेत क्रियापद तेच राहतं, कर्ता बदलतो : ‘तू सोड.’ व्याज सोडलं म्हणतो, त्यातलं सोडणं. झगडा संपत नाही, पण फेडण्याची धास्ती जाते, आणि ख्रिस्ती माणूस शांती म्हणतो ती मला तरी इथेच सापडली. ग्रीक क्रियापदही असंच आहे : शिष्यांनी जाळी ‘सोडली’ (मार्क १:१८) तिथेही तेच आलंय. ‘माफ कर’ने एवढं साधलं नसतं.

वाक्याचा पहिला भाग मात्र अवघड आहे. ‘सोडले आहे’, म्हणजे आम्ही आधीच. तिथे आलं की दर रविवारी मला कुणाचं तरी नाव आठवतं, आणि पुढचे शब्द जरा हळू निघतात.