बक्षिसं मिळाली, आता मुंबई गाठावी का?

प्रश्न : मुलगा अमळनेरला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गणेशोत्सवातल्या स्पर्धांमध्ये मिमिक्रीची बक्षिसं मिळाली. आता कॉलेज सोडून मुंबईला जातो, टीव्हीवर कॉमेडी करतो म्हणतो. जाऊ द्यावं का? – एक आई, चोपडा

ताई, मुलाचा हट्ट वेडा नाही, घाई मात्र चुकीची आहे. मुंबईला लागणारी तयारी खान्देशात राहून, घरचं जेवून होते. डिग्री पूर्ण होऊ द्या.

आधी टीव्हीचं समजून घ्या. २००५ मध्ये हिंगणघाटचे सुनील पाल ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ जिंकले, तेव्हा एकट्यानं माइकसमोर हसवणाऱ्याला थेट दार उघडं होतं. आज मराठी वाहिन्यांवर मुख्यतः स्किट, म्हणजे दोन-चार जणांचं छोटं विनोदी नाटुकलं चालतं; त्यासाठी नट लागतो. समोरच्याचं वाक्य ऐकून उत्तर देणारा, हशा ओसरेपर्यंत थांबणारा, दुसऱ्याच्या पंचवर, म्हणजे हशा आणणाऱ्या वाक्यावर, स्वतः न हसणारा. नुसत्या मिमिक्रीत हे शिकायला मिळत नाही. त्यामुळे विद्यापीठाच्या ‘युवारंग’ युवक महोत्सवात त्यानं मिमिक्रीसोबत स्किटमध्येही उतरावं. राज्य हौशी नाट्य स्पर्धेचं केंद्र जळगावला असतं; तिथं नाटक करणाऱ्या एखाद्या संस्थेत शिरावं, सुरुवातीला दोन वाक्यांची भूमिका मिळाली तरी.

स्टँड-अप, म्हणजे एकट्यानं माइकसमोर हसवणं, करायचंच असेल तर स्वतःची पाच मिनिटं लिहावीत. नटांचे आवाज आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे विनोद मंडळासमोर चालतात, पण ऑडिशनला तेच घेऊन दहाजण आलेले असतात. पाच मिनिटांना साधारण पाचशे शब्द पुरतात, उरलेला वेळ हशाचा. पहिला हशा अर्ध्या मिनिटात आला पाहिजे. प्रत्येक प्रयोग मोबाइलवर रेकॉर्ड करावा, घरी ऐकताना कागदावर हशाच्या जागी खूण करावी. मित्र नसलेल्या तीन वेगळ्या ठिकाणच्या प्रेक्षकांसमोर जो विनोद पडला, तो काढायचा.

पडण्याचं कारण दरवेळी विनोदच असतो असंही नाही. आपल्याकडे मंडळांच्या साउंडवर गाण्यासाठी इको लावलेला असतो. पंचचा शेवटचा शब्द त्यात घुमतो, मागच्या रांगेला कळतच नाही, आणि पोरगं घाबरून वेग वाढवतं. स्टेजवर चढण्याआधी साउंडवाल्या दादाला ‘इको पूर्ण बंद करा’ असं सांगायचं. माइकची जाळी मुठीत धरायची नाही, आवाज कोंदतो आणि शिट्टीही वाजते.

अहिराणी हे त्याचं मोठं भांडवल आहे, ते पुसू देऊ नका. फक्त निवेदन प्रमाण मराठीत आणि पात्र अहिराणीत, अशी वाटणी करावी. ‘काय करी राहिना?’ हे पुण्यातही संदर्भानं कळतं. पण पंचचा शब्दच तिथं अनोळखी असेल, तर धुळ्यात छप्पर उडवणारा विनोद पुण्यात शांतपणे ऐकला जातो. कापूस, केळी, लग्नातलं वरण-बट्टी, आठवडे बाजार. असं घरचं निरीक्षण त्याच्याकडेच आहे, मुंबईच्या मुलाकडे नाही.

स्वतःची वीस मिनिटं पक्की झाली की नाशिक-पुण्याच्या ओपन माइकला, म्हणजे नाव नोंदवून नवख्यालाही स्टेज मिळतं अशा कार्यक्रमाला, शनिवार-रविवार जाऊन यावं. तिथं चार-पाच मिनिटं मिळतात, बहुधा पैसे मिळत नाहीत, कधी नावनोंदणीचे द्यावे लागतात. खर्च निघतो तो सुपाऱ्यांवर, म्हणजे पैसे घेऊन केलेल्या कार्यक्रमांवर : कंपनीचं स्नेहसंमेलन, हळद-संगीताचं निवेदन. निम्मे पैसे आधी घ्यायची सवय पहिल्या सुपारीपासूनच लावा.

ऑडिशनसाठी किंवा ‘रोल पक्का’ करण्यासाठी कोणी पैसे मागितले, तर तिथंच नाही म्हणा. करार आला तर दोन कलमं वकिलाला दाखवा : किती काळ दुसरीकडे काम करता येणार नाही आणि त्यानं लिहिलेल्या मजकुराचे हक्क कोणाकडे जाणार. तरुण मुलं चॅनेलचं नाव बघून सही करतात आणि मग स्वतःचाच विनोद स्वतःच्या यूट्यूबवर टाकता येत नाही.

तिसऱ्या वर्षाची परीक्षा झाली, वीस मिनिटं हातात असली आणि सहा महिन्यांच्या भाड्या-जेवणाची सोय झाली असली, तर मात्र ताई, अडवू नका.